तिला चक्कर येत नाही

“सगळ्यांनी इकडे बघा. पाठ कशी सरळ राहते ते बघा,” योगवर्गाच्या बाई म्हणाल्या, आणि सगळ्या माना धाकट्या जावेकडे वळल्या. थोरलीने तेवढी मान वळवली नाही. सैल विजारीच्या आड गुडघे हळूच वाकवून तिने आपली पावलं धरली. अकरा वर्षं ती हेच करत आली होती.

धाकटीला वर्गात आणलं तिनंच. इस्पितळाच्या धुलाईघरात दिवसभर चादरींना इस्त्री करून घरी यावं, तर धाकटीची “पाठ धरलीय हो ताई” ही रड सुरू. कंटाळून तिने तिला सोबत आणलं. चार महिन्यांत धाकटीची पाठ सुटली आणि थोरलीच्या पोटात दुखायला लागलं.

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर बाईंनी थोरलीला थांबवलं. “तीन महिने लेकीकडे चाललेय, बाळंतपणाला. वर्ग तुमच्या जावेकडे द्यावा म्हणते. जमेल ना तिला?”

“जमलं असतं हो,” थोरली म्हणाली, “पण तिला चक्कर येते. कुणाला सांगत नाही. तुम्हीही विचारू नका, वाईट वाटेल तिला.”

“अगंबाई! मग तुम्हीच घ्या.”

पुढच्या सोमवारी ती सगळ्यांसमोर बसली. धाकटी पहिल्याच रांगेत. “ताई, शोभताय हं!” ती मनापासून म्हणाली. थोरलीला ते टोमण्याहून जास्त लागलं.

“जिथवर जाईल तिथवरच वाका. शरीराशी खोटं बोलू नका.” बाईंचं रोजचं वाक्य तिच्या तोंडून आपसूक निघालं आणि तिचे कान तापले. ती वाकली. इथे गुडघे लपवायची सोय नव्हती. हात नडगीपाशीच अडले.

“एवढंच?” मागच्या रांगेतून कुणीतरी हसलं.

“आज जरा गुडघा...” ती बोलू लागली आणि थांबली. “नाही. माझं एवढंच जातं. पहिल्यापासून. मी गुडघे वाकवून फसवत होते. आणि हिला चक्करबिक्कर काही येत नाही. वर्ग हिलाच मिळायचा होता. मी बाईंना खोटं सांगितलं.”

धाकटी बघतच राहिली. “म्हणून जाताना बाई मला ‘जप गं’ म्हणाल्या?”

“हो.”

“आठ दिवस जीव टांगणीला लागलाय माझा, ताई. वाटलं, त्यांना माझ्यात काहीतरी दिसलं. डॉक्टरकडे नंबर लावलाय मी.”

थोरली उठली. “ये, तू घे पुढचं,” एवढंच म्हणून मागच्या रांगेत जाऊन बसली. धाकटीने वर्ग घेतला. सुरेख घेतला. ते बघताना थोरलीच्या आत अजून टोचत होतंच.

घरी जाताना धाकटी झपझप पुढे निघाली. थोरली मागून चालत राहिली, हाक मारायचा तिला धीर झाला नाही. चौकात गाड्यांची रांग लागली होती. धाकटी रस्त्याच्या कडेला थांबली. गाड्या गेल्या, रस्ता मोकळा झाला. तिने मागे वळून पाहिलं नाही, पण थोरली शेजारी येईपर्यंत पाऊलही उचललं नाही.