पुंगळीच्या आतली खाच

मित्रांनो, मी एक जुनी तार आहे, टोकाला वाकवलेली आणि घासून अणकुचीदार केलेली. आधी मी मार्नीच्या लहानपणीच्या सायकलच्या चाकात होते. सायकल मोडीत निघाली तेव्हा तिच्या वडिलांनी, हॅल्वरने, मला तेवढी काढून घेतली आणि अमेरिकेत, मोंटानातल्या आपल्या शेडमध्ये कामाला लावली.

हॅल्वर उडालेली काडतुसं नवी दारू आणि गोळी घालून पुन्हा भरायचा. काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी घासली की नव्यासारखी चमकते. पण प्रत्येक बाराबरोबर ती ताणली जाते आणि बुडाजवळ आतून झिजते. ही झीज बाहेरून दिसत नाही. हॅल्वर मला आत घालून हळूच वर ओढायचा. माझं टोक खाचेत अडलं, की ती पुंगळी भंगारात जायची. "या तारेनं माझे डोळे राखलेत," असं तो शेजाऱ्यांना सांगायचा, तेव्हा मला फार बरं वाटायचं.

एका हिवाळ्यात त्याची गाडी बर्फात अडकली आणि बोटं गोठली. बोटं वाचली, पण त्यांची संवेदना गेली. हे त्याने कोणालाच सांगितलं नाही.

पुढे मार्नीलाही काडतुसं भरायची हौस आली. नेमबाजीच्या मैदानावरून तिने टोपीभर पुंगळ्या वेचून आणल्या.

"लोकांचं उष्टं गोळा करून आलीस होय!" हॅल्वर हसला.

"उष्टं काय, डॅड! घासल्यावर बघ कशा चमकतात. दे ती तार, मीच तपासते."

"तू आपली घासत बस. तपासायला हात मुरावा लागतो, बाई."

एका पुंगळीत मी अडले. अडलं की नाही हे न कळून त्याचा हात क्षणभर घुटमळला. मार्नी बघत होती. "झकास आहे," म्हणत त्याने ती चांगल्या ढिगात टाकली. मला ओरडता आलं असतं तर!

शिकारीच्या दिवसांत, एल्क हरणावर नेम धरलेला असताना, तीच पुंगळी मार्नीच्या रायफलीत फाटली. तापलेला वायू मागे उसळला आणि तिचा उजवा डोळा गेला.

ती बरी होऊन शेडमध्ये आली, तेव्हा हॅल्वरने मला तिच्या तळहातावर ठेवलं.

"आता तूच तपास. माझी बोटं सुन्न आहेत गं. कधीचीच."

"मग तेव्हाच का नाही बोललास, डॅड?"



मित्रांनो, आपल्या हाताला जमेनासं झालेलं काम वेळेवर दुसऱ्याच्या हाती द्या. त्यात लाज कसली? आता मार्नी मला पुंगळीत घालते, उरलेला डोळा मिटते आणि हळूच ओढते. मी जराशी अडले तरी ती थांबते. फार चांगली बोटं आहेत तिची. मी अडले त्या दिवशीही ती बोटं तिथेच होती, पुंगळ्या घासत.