चुलीपुढचा खळगा

कुंताला नेलं त्या सकाळी शेजारच्या आशाबाईनं भुई सारवली, ती शेवटची. त्यानंतर मनसारामच्या घरात पोतेरं फिरलं नाही. होळीच्या आधी त्याची बायको कुंता वारली आणि आता दिवाळी होऊन गेली होती. भुईला भेगा पडल्या होत्या, पोपडे सुटले होते, चालताना तळपायाला माती लागत होती. मनसाराम जातीचा ढीवर. तलावात जाळं कुठं टाकायचं ते तो डोळे मिटून सांगे. पायाखालची भुई बायका कशी राखतात हे मात्र साठी आली तरी त्यानं कधी विचारलं नव्हतं.

आता विचारणं भाग होतं, कारण घर विकायचं होतं. लेक चंदा वडशाला दिली होती, जावई तिथं तांदळाच्या गिरणीत कामाला होता. "बाबा, एकटे भिंतीसंग बोलत नका बसू, इकडे या," असा निरोप तिनं तीनदा धाडला. तो भिंतीशी बोलत नव्हता. खरं म्हणजे तो कुणाशीच बोलत नव्हता, आणि तेच वाईट होतं. तलावावरून यायचं, थंड चूल पेटवायची, अर्धा कच्चा भात गिळायचा आणि भांडं तसंच ठेवून निजायचं. असे आठ महिने काढल्यावर त्यानं वडशाला हो म्हणून कळवलं.

गावच्या शाळेवर नवे आलेले गुणवंतराव मास्तर घर घ्यायला तयार झाले. नवीन लग्न झालेलं, बायकोला आणायचं होतं. त्यांनी सागवानी खांब ठोकून पाहिले, छप्पर पाहिलं, आणि मग नजर खाली गेली.

"घर पसंत आहे, मनसारामभाऊ," ते म्हणाले. "पण ही भुई! सारवून घ्या, नाहीतर उकरून नवी करा, ते तुम्ही पाहा. बुधवारी आमच्या मंडळींना दाखवायला आणतो. त्या हो म्हणाल्या की घर आमचं."

गावात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. मास्तरीणबाईंनी नाक मुरडलं की पुढची होळीही याच घरात एकट्यानं काढायची, हे मनसारामला पुरतं ठाऊक होतं.

मग सारवायची की उकरायची? स्वतःचं छप्पर गळत असलं तरी दुसऱ्याच्या भुईवर मत द्यायला गाव सदा मोकळं असतं. आशाबाई म्हणाली, "सारवली का झालं. मी देईन ना सारवून, भाऊ."

"नको," मनसाराम म्हणाला.

आशाबाईला वाईट वाटलं. पण तो तरी काय सांगणार? माणूस उचललं की घर सारवायचं ही रीतच आहे, तिचा त्यात काय दोष? तरी नदीवरून परत आला तेव्हा ओली, स्वच्छ भुई पाहून तो उंबऱ्याबाहेरच बसून राहिला होता. कुंताच्या हातून आदल्या दिवशी सांडलेली पेज, तिच्या अंथरुणाची खूण, सगळं पुसलं गेलं होतं. आशाबाईच्या हातचं सारवण त्याला पुन्हा पाहायचं नव्हतं.

राहिला भैयाजी. तो गावात भिंती घालायचा आणि अक्कल फुकट वाटायचा. तो भुई उकरायला सब्बल घेऊनच आला.

"सारवण म्हंजे वरवरचं काम गा," तो म्हणाला. "तीस वर्षांचा मासळीचा वास शेणानं जाते काय? उकर सारी. वारुळाची माती आणू, धुमस मारून दाबू. तीन दिवसांत आरसा करून देतो. आन् तो चुलीपुढचा खळगा पायला काय? बाई त्यात पाय मुरगाळून पडली तं घर राह्यलं बाजूला, मास्तर तुलेच दवाखान्यात नेऊन घालन."

खळगा होताच. दाराच्या अगदी समोर, मागच्या भिंतीला चूल, आणि चुलीपुढं परातीएवढी भुई खचलेली. तीस वर्षं कुंता तिथं बसली. दर आठवड्याला तीच सारवायची, पण शेणाचा थर चढण्याआधी तिच्या बसण्यानं तो झिजायचा. त्या चुलीवरून नवराबायकोत एकदा चांगलं वाजलंही होतं. तलावावरचा वारा दारातून थेट चुलीत शिरायचा आणि घरभर धूर व्हायचा. मनसाराम म्हणाला, चूल कोपऱ्यात घेऊ. कुंता म्हणाली, नाही.

"काऊन नाई?"

"माही चूल हाये. मले इथीच पायजे."

डोळे चोळत जगेल पण हटणार नाही, अशी बाई. हट्टीपणा म्हणून मनसारामनं तो विषय कायमचा सोडून दिला. बाकी तिच्याविरुद्ध बोलायला जागा नव्हती. तो कधीही येवो, दुपारी येवो की दिवेलागणीला, पाय धुऊन आत आला की ताटात भात पडत असे, वाफ निघत असलेला. एकदा त्यानं विचारलंही होतं, "तुले कसं समजते व, मी येऊन राह्यलो म्हून?" ती हसून म्हणाली होती, "भात सांगते."

"काय पायतो गा? लाव सब्बल," भैयाजी म्हणाला.

मनसारामनं सब्बल उचलली, खळग्याच्या काठावर टेकवली आणि तसाच उभा राहिला. मग ती भिंतीला लावून ठेवली.

"खळगा राहू दे."

"खळगा ठेवून भुई नवी करतेत काय?"

"मंग नवी नको. सारवतो."

"कोन सारवते?"

"मी."

भैयाजी इतका हसला की त्याला खोकला लागला. पुरुषानं भुई सारवल्याचं त्या गावानं ऐकलंसुद्धा नव्हतं. जाताना तो म्हणाला, "उद्या कुकू लावशीन," आणि मनसारामनं त्याला एक सणसणीत शिवी दिली. आठ महिन्यांत त्याच्या तोंडून निघालेला पहिला जोरकस शब्द तोच.

बुधवारी पहाटे गुरं रानात निघाली तसा तो टोपलं घेऊन त्यांच्या मागून हिंडला. शेण कशाला म्हणून कुणी विचारलं, तर म्हणाला, तलावावरच्या डोंग्याच्या भेगा बुजवायला. कुणाला पटलं नाही. घरी येऊन त्यानं शेणमाती कालवली, लोकांनी पाहू नये म्हणून दार ओढून घेतलं, आणि झरोक्यातून येईल तेवढ्या उजेडात उंबऱ्यापासून सुरुवात केली. सारवता येईना भुई वाकडी, अशी गत. एकीकडं ढेकळं राहत होती, दुसरीकडं नुसतं पाणी. तरी गुडघ्यावर सरकत, हात फिरवत तो चुलीपर्यंत पोचला आणि कंबर ताठ करून त्यानं मागं पाहिलं.

तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. बायका आतून सारवत दाराकडं जातात, हे तीस वर्षं तो उंबऱ्यापलीकडून बघत आला होता. तो दारातून सारवत भिंतीला येऊन टेकला होता. आता पुढं सगळी ओली भुई आणि बाहेर पडायला वाट नाही. कोरडी जागा एकच राहिली होती, चुलीपुढची. मनसाराम खळग्यात बसला. तिथं तो आयुष्यात कधी बसला नव्हता; हे आठ महिने चूलही त्यानं बाजूला उकिडवं बसून पेटवली होती. खळगा त्याला लहान पडत होता, गुडघे वर येत होते. कुंता इतकी लहान होती हे त्याला आज कळलं, आणि बंद दाराआड तो म्हातारा एकटाच रडला.

किती वेळ गेला कोण जाणे. बाहेर आशाबाईचा आवाज आला, "इथीच हाये घर, बाई. भाऊ, हायेस काय गा?" आणि दार आत ढकललं गेलं.

उजेड चुलीपर्यंत आला. दाराबाहेरच्या छपरीत आशाबाई आणि एक कोवळी पोरगी उभी होती, मास्तरीण इंदिराबाई. मास्तर शाळेतून मागून येणार होते. पण मनसाराम त्यांच्याकडं पाहतच नव्हता. त्या दोघींच्या मधून, वळचणीच्या खालून, त्याला तलावाची पाळ, त्याची रोजची येण्याजाण्याची वाट, दिसत होती. आख्खी, या टोकापासून त्या टोकाच्या आंब्याच्या झाडापर्यंत. उभ्या माणसाला वळचण आडवी येई, म्हणून घरातून पाळ दिसते हे त्याला कधी कळलंच नव्हतं. बसलेल्यालाच, दाराकडं नुसती मान वळवली की, दिसत होती, आणि तीही याच जागेवरून.

आंब्यापासून घरापर्यंत भाताला एक कढ येण्याइतकी वाट होती.

"हे काय, भाऊ?" इंदिराबाई उंबऱ्यावरच थबकून म्हणाली. ओल्या सारवणावर पाय न देण्याइतकं वळण तिला होतं. "तुम्ही आतच अडकले?"

"अडकलो, बाई."

ती हसली. मग भुई न्याहाळत म्हणाली, "सारवण काही नीट झालं नाही. पण ते मी करीन. तो खळगा मात्र भरावा लागेल, आणि चूल दारासमोर नको. कोपऱ्यात घेऊ."

"चूल हालवू नका, बाई."

"काऊन?"

मनसारामनं पाळीकडं बोट केलं. आंब्याखालून एक टोपी, एक छत्री, लगबगीनं येत होती.

"मास्तर येऊन राह्यले. आंब्यापाशी आले. आता भात उतरवला तं ते पाय धुईपर्यंत ताटात पडते." त्यानं खळग्याच्या काठावर हात ठेवला. "तीस वर्सं बसली इथी. मले म्हने, भात सांगते. आन् मी येडा, चूल हालव म्हनून भांडलो तिच्यासंग."

आशाबाईनं पदर तोंडाला लावला. इंदिराबाईनं वाकून, खूप खाली वाकून, वळचणीखालून पाळीकडं पाहिलं. नवरा छत्री सावरत येत होता. ती बराच वेळ तशीच वाकून राहिली.

"उकरू नका," ती म्हणाली. "खळगाही राहू द्या. घर पसंत आहे."

चार दिवसांनी मनसाराम वडशाला निघाला. डोईवर जाळ्यांचं गाठोडं घेऊन तो पाळीवरून चालू लागला. या वाटेनं तो हजारदा गेला होता, पण जाताना मागं कधी वळला नव्हता. येतानाची वाट कुंता बघायची, मग जातानाही बघत असेल. आंब्यापाशी थांबून तो वळला. इतक्या लांबून दार म्हणजे नुसता काळा चौकोन होता. आत कोण बसलंय, कुणी बसलंय की नाही, काही दिसत नव्हतं.

मनसारामनं तरीही हात वर केला.