दुसरी शिडी

क्रिकेटचा हंगाम संपला की आमच्या स्टेडियमवर स्टंप गोदामात जातात आणि गोलपोस्ट बाहेर येतात. फलक मात्र तोच राहतो, आणि त्याच्या माचावरची बाईही तीच, म्हणजे मी. क्रिकेटला पत्र्याचे आकडे टांगून टांगून हात भरून येतात. फुटबॉलला दोन-चारदा उठलं की झालं.

इथं झाडणाऱ्या, कँटीन चालवणाऱ्या, तिकिटं फाडणाऱ्या अकराजणींनी मिळून फुटबॉलचा संघ काढला. पुढाकार माझ्या नणंदेचा. ती पायऱ्या झाडते, आणि वेळ आली तर माणसंही. त्यांचं मागणं एवढंच होतं की आठवड्यातली एक संध्याकाळ मैदान आम्हाला द्या.

"आधी माझ्या क्रिकेटच्या पोरांना हरवा," सेक्रेटरी म्हणाला आणि सामन्याच्या दिवशी माइकवरून भर गर्दीत बोलून बसला, "फलकावर बायकांचा आकडा मोठा दिसला, तर गुरुवारची संध्याकाळ कायमची त्यांची!" सगळे हसले. त्यानं मला फलकाच्या वरच्या ओळीला, पोरांसाठी, 'यजमान'ची पाटी लावायला लावली आणि खालच्या ओळीला, बायकांसाठी, 'पाहुणे'ची. जिथली पायरी न् पायरी घासली, तिथंच या पाहुण्या! माझं डोकं सणकलं, पण पाट्या टांगल्या.

दोन-दोन अशी बरोबरी होती. शेवटच्या मिनिटाला नणंदेनं चेंडू आत ढकलला. पंचांनी गोल दिला. मी खालच्या ओळीत तीनचा पत्रा चढवला.

सेक्रेटरी धावतच फलकाखाली आला. "ए बाई, तो तीन काढ! मैत्रीचा सामना आहे, बरोबरीच दाखवायची. अध्यक्ष येतायत फोटोला."

"पंचांनी गोल दिलाय, साहेब."

"पगार कोण देतं तुला?"

"आकडे टांगायचा घेते पगार. खोटे टांगायचा नाही."

तो शिडीला हात घालणार, तेवढ्यात मी ती सरसर वर ओढून घेतली.

"कामावरून काढीन!"

"काढा की. कागद तेवढा वर आणून द्या."

मग त्यानं वायरमनला हाक मारली. स्टेडियमवर दुसरी उंच शिडी त्याच्याचकडे. आणि वायरमन म्हणजे आमचे हे. माणूस सोन्यासारखा, पण साहेबांपुढे तोंडातून ब्र काढायचे नाहीत. मी कुणाशी भांडले की यांचं एकच, "जाऊ दे ना." शिडी खांद्यावर घेऊन येताना दिसले. सेक्रेटरीच्या धमकीचं काही वाटलं नव्हतं. यांचं मात्र लागलं. गोल मारणारी यांचीच बहीण होती.

हे शिडी लावून धापा टाकत वर आले. मी तीनच्या पत्र्याला पाठ लावून उभी राहिले.

"जाऊ दे म्हणायचं नाही हं," मी म्हटलं.

हे वळले, वाकले आणि आपलीही शिडी वर ओढायला लागले.

"अहो!"

"बघत काय बसलीस? धर तिकडून, जड आहे."

खाली सेक्रेटरीच्या तोंडाचा आ झाला. "अरे, दुसरी शिडी आणा कुणीतरी!"

आमच्या यांचा आवाज इतका मोठा असेल, हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही ठाऊक नव्हतं. "साहेब, आणखी शिडी नाही! दोन वर्षं मागतोय मी!"

सगळं स्टेडियम हसलं, आणि या वेळी बायकांना नाही. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

हे फलकाकडे बघत राहिले. "पाट्या चुकल्यात गं," म्हणाले.

आम्ही दोघांनी मिळून पाट्या काढल्या आणि अदलाबदल करून लावल्या. वर पाहुणे, दोन. खाली यजमान, तीन. मैदानात नणंदेनं दोन्ही हात उंचावले आणि बाकीच्या दहाजणी तिच्यावर तुटून पडल्या.

अध्यक्षांची गाडी फाटकातून आत आली, तेव्हा आम्ही दोघं माचावर पाय सोडून बसलो होतो.

"आता तरी उतरा," सेक्रेटरी दबक्या आवाजात म्हणाला.

"उतरतो की, साहेब," हे म्हणाले. "आधी फोटो होऊ द्या."