ओटीतला नारळ

तारा आमच्या क्वार्टरमध्ये राहायला आली ते एकोणनव्वद साल. भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होती, आणि सेक्टर सहाच्या बाजारात एका गाळ्यात व्हिडिओ गेमची मशिनं नवीनच आली होती. तारा ती मशिनं दुरुस्त करायची. तेवीस वर्षांची मुलगी ओढणी कमरेला खोचून मशिनचं मागचं झाकण काढायची आणि तारांच्या गुंत्यात डोकं घालून बसायची. लोक बघायला थांबत, पण तिचं काम बघायला नाही. ती अरुणकुमार आणि वसुंधराची मुलगी होती म्हणून.

झाडीपट्टीच्या नाटकातली ही जोडी भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत गाजलेली. वसुंधरा नायिका, अरुणकुमार खलनायक. तो रंगमंचावर आला की बायका बसल्या जागी शिव्या घालत. कारखान्यात नोकरीला आलेल्या आमच्या विदर्भाच्या लोकांनी त्यांचे फोटो घरात लावले होते. वसुंधरा माझ्या माहेरची, पवनीची, शेजारघरची. म्हणून तारा मला मावशी म्हणे.

एकदा भाजी निवडताना मी तिला विचारलं, तू नाटकात का गेली नाहीस. मेथीच्या काड्या मोडता मोडता तिनं सांगितलं. सहाव्या वर्षी तिला उभं केलं होतं. तिसऱ्या अंकात खलनायक एका लहान मुलीचा गळा दाबतो. खलनायक तिचे बाबाच. दिवाळीपासून होळीपर्यंत रोज नवं गाव, आणि रोज मरायचं. अशी सात वर्षं. नाटक सुरू होण्याची तिसरी घंटा झाली की तिचे पाय गार पडत.

"मशीनमदी तीन जीव भेटते, मावशी," ती म्हणाली. "मेलं तं बटन दाबून उठाचं. नाई दाबाचं तं नाई. ते आपल्या हातात रायते."

त्या कार्तिकात आमच्या मराठी मंडळानं अरुणकुमारांच्या नाटक कंपनीला बोलावलं. मंडळाचे सेक्रेटरी भैय्याजी बायकोला घेऊन आमच्याकडे आले. तारा कामावर होती. कंपनीनं ताराच्या नावानं पाठवलेला मान आहे म्हणत त्यांच्या बायकोनं मला कुंकू लावलं, नारळ आणि खण पुढे केला. दारी आलेली ओटी आपण परत पाठवत नाही. मी पदर पसरला. खरं सांगायचं तर फुशारलेच होते. नारळ देवापुढे ठेवला.

संध्याकाळी तारा आली आणि देवघराच्या दारातच थांबली.

"हा कोनी देला?"

मी कौतुकानं सांगत गेले आणि तिचा चेहरा उतरत गेला. त्यांच्या कंपनीत नारळ घेतला म्हणजे भूमिका घेतली, ती होळीला तो नारळ फुटेपर्यंत. घरच्या कोणीही घेतला तरी तो लागू. वसुंधराचा नारळ तिच्या आईनं घेतला होता, ती पंधरा वर्षांची असताना.

"तुमी कावून घेतला, मावशी?" एवढंच ती म्हणाली, आवाज न चढवता.

दुसऱ्या दिवसापासून मंडळाची जीप भोंगा लावून सेक्टरांतून फिरू लागली. अरुणकुमार-वसुंधरा यांची कन्या तारा, भिलाईत प्रथमच. जीप गेमच्या गाळ्यासमोर थांबली तेव्हा ताराच्या हातातल्या, तारांना डाग द्यायच्या तापलेल्या कांडीनं तिचंच बोट भाजलं. मालकानं सांगून टाकलं, होळीपर्यंत जाणार असशील तर तुझ्या जागी दुसरा बसेल. तिचं जेवण सुटलं. रस्त्यावर सायकलची घंटी वाजली तरी ती दचके, आणि ती दचकली की मी दचके. आमच्या मारोतरावांना सांगितलं तर म्हणाले, "भाजीवाल्यासंगं तासभर भांडतं, अन् नारळ मात्र न विचारता घेतला."

प्रयोग रविवारी दुपारी तीनला होता. झाडीपट्टीत नाटक रात्रभर चालतं, पण आमच्याकडे सोमवारची पहिली पाळी असते. मी सकाळीच नारळ पिशवीत घालून मंडळाच्या हॉलवर गेले. सगळी कंपनी पंगतीला बसली होती. अरुणकुमारांसमोर नारळ ठेवला आणि म्हटलं, चूक माझी, परत घ्या.

ते हसले. "नारळ परत जात नाई, सिंधुताई. आमच्या बापाचा नेम हाय. ज्याच्या पदरात पडला, त्याच्या घरचं मानूस उभं रायते."

"पदर तं माहा होता," मी म्हटलं. "अन् घरबी माहंच."

वीस माणसं त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी नारळ उचलला, फिरवून पाहिला.

"होळीपावतर फिराल आमच्यासंगं?"

"आज तं मारा. होळीचं मंग पाहू."

कोणीतरी फिसकन हसलं. ते हसले नाहीत. वसुंधराकडे वळून म्हणाले, तिसऱ्या अंकात मरणाऱ्या पोरीच्या जागी आत्या करून टाक.

बोलून तर गेले, पण पुढे दुपारपर्यंत मी सारखी घड्याळाकडेच बघत होते. तीनला तारा आली. माझ्यासाठीच आली होती. पडद्याच्या दोरीपाशी उभी राहिली आणि तिसऱ्या घंटेला तिनं दोन्ही कानांत बोटं घातली. तिसऱ्या अंकात मी आत जाणार, एवढ्यात वसुंधरा माझा पदर सारखा करत कानाशी लागली.

"थो जवळ आला का आदीच दम भरून ठेव, सिंधू. हात पडल्यावर भरता येत नाई. ताराले बी मी हेच शिकवलं होतं."

तारा हाताच्या अंतरावर होती. तिनं ऐकलं. वसुंधरा तिच्याकडे न बघता निघून गेली.

उजेडात लोक दिसत नव्हते, नुसता अंधार श्वास घेत होता. अरुणकुमार आले. ओळखीचा माणूस, माझ्या हातचं जेवलेला, पण त्या डोळ्यांत ओळख नव्हती. मी दम भरायला विसरले. त्यांनी जोर लावलाच नव्हता, तरी मला ओरडता येईना. सहा वर्षांची पोर, हे हात, आणि उद्या पुन्हा. एवढंच डोक्यात आलं आणि मी पडले. टाळ्या खूप झाल्या.

पडदा पडल्यावर त्यांनी मला उठवायला हात पुढे केला. मला तो धरवेना. तारा धावत आली आणि तिनं मला उठवलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग नारळ मागवला आणि रंगमंचाच्या कडेवर आपटून फोडला.

"सुटली," ते म्हणाले. कोण सुटली, ते सांगितलं नाही.

सोमवारी तारा गाळ्यावर गेली. नंतर सात वर्षं ती तिथंच होती. मला मात्र अजूनही कोणी ओटी भरायला आलं की पदर पसरण्याआधी हात गळ्याशी जातो.