वाकड्या कण्याचा सूड

मी टाव्हियाच्या पाठीचा कणा बोलतोय. अठ्ठावीस अंशांनी उजवीकडे झुकलेला आणि तिच्या शाळेच्या खेळाच्या प्राइस सरांवर डूख धरून बसलेला. चांगल्या घरच्या कण्याला हे शोभत नाही, ठाऊक आहे मला.

बाराव्या वर्षी ती भराभर उंच झाली आणि मी कलंडलो. आपलंच काही चुकलं का, असं तिची आई मर्लीन अजून हिरवी केळी उकडताना स्वतःला विचारते. डॉक्टर म्हणाले, कुणाचंच नाही. तिला पटत नाही. मलाही.

आमच्या जमैकात न पळणाऱ्या मुलीला शाळेत कोण विचारतं? डॉक्टरांनी परवानगी दिली. "गवतावर पळू दे, पाठीचे व्यायाम करून. पण पायाला मुंग्या आल्या की तिथेच थांबायचं."

आमच्या मैदानावर डिझेलच्या रेघा ओतून तेवढं गवत जाळलं, की धावायच्या पट्ट्या तयार. सगळे डावीकडेच वळत पळतात. त्याने माझी एकच बाजू ठणकायची, म्हणून मर्लीन तिला सरावाचे निम्मे फेरे उलट्या दिशेने, उजवीकडे वळत पळवायची.

"ए खेकडे!" प्राइस सर ओरडले. "उलटी कुणाला भेटायला निघालीस?"

अख्खं मैदान हसलं. टाव्हिया घरी येऊन जेवली नाही. तेव्हाच मी ठरवलं, क्रीडादिनी सरांची भाची डेनिस हरली पाहिजे.

आठशे मीटर. शेवटच्या वळणावर डेनिस दोनच पावलं पुढे होती, आणि नेमकी माझ्यापाशी एक नस चिमटली. मुंग्या पाठवायचं काम माझं. वाटलं, गप्प बसावं. इतकं सोसल्यावर दहा सेकंदांची हौसही करू नये?

दोरीपलीकडे मर्लीन टोपी चुरगाळत उभी होती. नुसती लेकीच्या पायांकडे बघत होती.

पाठवल्या मुंग्या.

टाव्हिया थांबली. चालत बाहेर आली ती थेट सरांच्या खुर्चीसमोर.

"दमली का आमची खेकडी?"

"नाही सर. मुंग्या आल्या म्हणून थांबले. डॉक्टर हो म्हणाले की परत येणार. उलटीच पळणार."

मर्लीनने लेकीला पाणी दिलं आणि सरांना एक नजर. सर शिट्टी शोधायला लागले. ती त्यांच्या गळ्यातच होती.

सध्या आम्ही घरी, चटईवर व्यायाम करतोय. राग तसूभर उतरलेला नाही. तुमच्या घरी असा कणा असेल तर त्याला पळू द्या, आणि तो बोलला की ऐका. त्याला कुणी हसलं, तर नाव तेवढं मला कळवा.