खिशातली वजनं

"कोट काढा ना आजोबा," सिस्टर म्हणाली.

"थंडी वाजते," आजोबांनी काट्यावरूनच सांगितलं. ते खोटंही नव्हतं. भीतीनं हातपाय गार पडले होते.

शेहेचाळीस. लेकीनं टाळी वाजवायचीच बाकी ठेवली. "बघा बाबा! उगाच घाबरत होतात."

चौतीस वर्षं आजोबांनी दुकानदारांची वजनमापं तपासली. ते गल्लीत शिरले की पारड्यांखालचे लोहचुंबक पटापट नाहीसे होत. आज त्यांचेच खिसे भरलेले होते: एक किलोची दोन वजनं, अर्ध्याचं एक. कारण गेल्या खेपेला डॉक्टरीणबाई सहज बोलून गेल्या होत्या, "पंचेचाळीसच्या खाली गेलात तर केमोचं सलाईन थांबवू." तेव्हापासून तो 'थांबवू' त्यांच्या उशाशी येऊन बसला होता.

"आकडा खाली कळवते," सिस्टर म्हणाली. "औषध वजनावरच मोजून बनवतात."

हे आजोबांना ठाऊक नव्हतं. म्हणजे अडीच किलो लोखंडाच्या वाटणीचं औषधही त्यांच्याच शिरेत जाणार! गेल्या सलाईननंतर आठ दिवस ते भिंत धरून चालले होते. बोलावं तर औषध बंद. गप्प बसावं तर...

सिस्टरनं फोन उचलला.

"ठेवा तो!" ते ओरडले आणि एकेक वजन काढून टेबलावर मांडलं.

"बाबा, काय हे!" लेकीचा चेहरा पांढराफटक पडला.

डॉक्टरीणबाई आल्या. "खरा आकडा?"

"साडेत्रेचाळीस. आणि घरात दोनदा पडलोय. हिला एकदाचंच माहीत आहे." पकडलेला दुकानदार न विचारलेलंही ओकतो, तसं झालं.

"अर्धं तरी द्या हो," लेक म्हणाली.

"अर्ध्यानं गाठ हटायची नाही, आजोबा मात्र पुन्हा पडतील." बाईंनी खुर्ची त्यांच्यासमोर ओढली. "आजोबा, तुम्हाला काय हवंय?"

"मरायची भीती वाटते," ते म्हणाले. "पण हिनं मला उचलून संडासला न्यायचं, त्याची जास्त वाटते."

"मग सलाईन नको. दुखण्यावर गोळ्या देते, घरी सिस्टर पाठवते. पंधरा दिवसांनी मला भेटायचंच."

"कोट घालून?"

"कोट घरी ठेवून."

हसलं कुणीच नाही. खिडकीजवळची, सलाईन घ्यायची त्यांची खुर्ची दुसऱ्या पेशंटला दिली गेली. लेकीनं त्यांचा कोट उतरवला आणि सलाईनसाठी घरूनच दुमडलेली सदऱ्याची बाही हळूहळू मनगटापर्यंत उतरवली. गुंडी काही लागेना.

मग ती त्यांनीच लावली.