भिंतीकडे तोंड करून

ओझेला पेटिफर्डचे पाय त्या शनिवारी सकाळपासून जमिनीवर ठरत नव्हते. तशी ती कधीच सरळ चालत नसे. जिना उतरताना, शेंगा सोलताना, अगदी चर्चमध्ये प्रार्थना चालू असतानासुद्धा तिची टाच काहीतरी बोलत असे, आणि मग आजी मान न वळवता तिच्या गुडघ्यावर हात ठेवत असे. पण आजची गोष्ट वेगळी होती. आज तिला खरे टॅपचे, तळाला लोखंडी नाल ठोकलेले, नाचताना वाजणारे बूट मिळणार होते.

आजवर ती सोड्याच्या बाटल्यांची पत्र्याची झाकणं बुटांच्या तळाला डांबराने चिकटवून नाचत आली होती. हार्लेमच्या त्या गल्लीतली सगळीच मुलं तसं करत. झाकणं वाजत झकास, पण टिकत नसत. एकदा ऐन रंगात आलेली असताना एक झाकण सुटलं, न्हाव्याच्या उघड्या दारातून आत गेलं आणि तोंडाला साबण लावून बसलेल्या गिऱ्हाइकाच्या मांडीवर पडलं. तेव्हापासून न्हावी तिला बघितलं की दार लावून घेई.

संध्याकाळी टिब्सबाईंच्या नाचाच्या क्लासात रिंगण होतं. रिंगणात सगळ्यांनी टाळ्यांचा ठेका धरायचा आणि एकेकाने मधे येऊन आपली चाल दाखवायची. आपली म्हणजे आपलीच. दुसऱ्याची चाल जशीच्या तशी उचलणं हे तिथे शेजाऱ्याच्या ताटातली कोंबडी उचलण्यासारखं समजत. मागच्या आठवड्यात टिब्सबाईंनी ओझेलाला जवळ बोलावून सांगितलं होतं, "बाळ, तुझ्या पायांत व्हर्डेलची चाल आहे, माझी आहे, तुझ्या आजोबांची तर आहेच. तुझी कुठाय? ती घेऊन आलीस तर मधे उभी राहा. नाहीतर कडेला बसून टाळ्या वाजव. टाळ्या वाजवणंही काही वाईट नाही."

कडेला बसून टाळ्या वाजवणं ओझेलाला मुळीच मान्य नव्हतं. आठवडाभर तिने आपली चाल शोधली. पलंगाखाली हरवलेली वस्तू शोधावी तशी शोधली. शेवटी तिला एक गोष्ट लख्ख कळली. क्लासातल्या व्हर्डेलला तिची चाल सापडली ती कधी? रिबिनीचे काळे चकचकीत बूट आले त्याच आठवड्यात. म्हणजे चाल बुटांतच असणार.

"क्रम्पबाईंच्या दुकानाच्या काचेत तसलेच बूट आहेत, आजोबा," वाटेत ती म्हणाली. "रिबीन लावलेले. तोंड दिसतं त्यात."

"तोंड बघायला तुझ्या आजीकडे आरसा आहे," आजोबा म्हणाले.

आजोबा, म्हणजे लुशियस पेटिफर्ड, एके काळी मोठमोठ्या रंगमंचांवर नाचलेले. आता गुडघे कुरकुरत, पण चालताना फूटपाथवरचं प्रत्येक लोखंडी झाकण ते अजूनही टाचेने वाजवून बघत. त्यामुळे त्या दोघांना चार इमारती ओलांडायला बराच वेळ लागला.

क्रम्पबाई स्वतः बूट शिवत, स्वतःच तळाला नाल ठोकत. एक चवड्याखाली, एक टाचेखाली. दुकानाच्या मधे लाकडी फळ्यांचा मोकळा चौक होता आणि मागच्या भिंतीला लागून एक बाक. त्या बाकाची रीत सगळ्या गल्लीला माहीत होती. नाचणाऱ्याने चौकात बूट घालून बघायचे, आणि जाणत्यांनी बाकावर भिंतीकडे तोंड करून बसायचं. बघायचं नाही, ऐकायचं. ज्या बुटांना भिंतीकडून उत्तर येईल तेच घ्यायचे. निकाल लागेपर्यंत मागे वळायचं नाही आणि क्रम्पबाईंनीही बोलायचं नाही, कारण त्यांना काय, कोणतेही विकले तरी सारखेच.

बाकावर आजोबांचे जुने साथीदार फेनर आधीच येऊन बसले होते. त्यांना सगळे बिस्किटकाका म्हणत. मांडीवर शेंगदाण्यांची पुडी होती.

"लुशियस, सरक. वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखे दिसतोय आपण."

"तुला काढलंच होतं की. सवय असेल."

क्रम्पबाईंनी दोन खोकी उघडून ओझेलापुढे ठेवली. पहिल्यात काळे चकचकीत, रिबिनीचे. दुसऱ्यात तपकिरी, जाड तळाचे, नाडी बांधायचे, करपलेल्या पावाच्या लाद्या दिसाव्यात तसे. पोस्टमनच्या बुटांना पिल्लं झाली असती तर ती अशीच दिसली असती.

ओझेलाने काळे घातले, रिबिनीची फुलं बांधली, आणि आपलं सगळ्यात चांगलं म्हणून जे होतं ते केलं. टिकटिक टिकटिक, शेवटी गिरकी.

"हं," बिस्किटकाका भिंतीला म्हणाले. "गोड आहे. साखर जरा जास्त झाली."

"पाय आत पोहतोय," आजोबा म्हणाले. "आणि गिरकी व्हर्डेलची आहे. दुसरे घाल."

ओझेलाने तपकिरी बूट पायांत चढवले. नाड्या आवळता आवळता तिच्या डोक्यात एक नामी युक्ती आली. बाकाला दिसत थोडंच होतं? या बुटांत आपण इतकं वाईट नाचायचं की भिंतीनेच कानांवर हात ठेवावेत.

ती लंगडायला लागली. एक पाय टाकायचा, दुसरा तीन दिवस उपाशी असल्यासारखा ओढत आणायचा आणि मग उशिरा, नको तिथे, टाच आपटायची. टक. फर्रर्र. टक-टक. भयंकरच वाजलं. ओझेला खूश झाली. तिने आणखी भयंकर केलं. दाराच्या कडेला अडखळल्यासारखं केलं, जिन्याची शेवटची पायरी चुकल्यासारखं केलं, आजीचा अनवाणी पाय गरम फरशीवर पडला की ती उडते तशी उडाली. टक. फर्रर्र. टक-टक. टाक.

आता वाईट नाचायचं तर तेही मन लावून करावं लागतं. दुसऱ्यांदा तिने ते सगळं त्याच क्रमाने केलं. तिसऱ्यांदा ते क्रमाने आपोआप झालं. नाडीने पाय असा घट्ट धरला होता की ओढलेला पाय फळीवरून साप सरकावा तसा आवाज करत यायचा आणि टाच त्याच्या शेपटीवर पडायची. बाकावर कुणीतरी मांडीवर थाप मारली. शेंगदाण्यांची पुडी खाली पडली. ओझेला लंगडली, भिंतीने टाळीने उत्तर दिलं. ती उलटी लंगडली, भिंत हसली. आपण वाईट नाचत होतो हेच ती विसरली.

शेवटी श्वास संपला म्हणून ती थांबली.

"हे कोणते?" आजोबांनी भिंतीला विचारलं. त्यांचा आवाज जरा बदललेला होता.

ओझेलाने खाली बघितलं. पावाच्या दोन लाद्या. मग खोक्याकडे बघितलं, तिथे काळ्या चामड्यात दुकानाचा दिवा चमकत होता. मग क्रम्पबाईंकडे बघितलं. क्रम्पबाई छताकडे बघत होत्या.

"चकचकीत," ती म्हणाली.

"बरं," आजोबा म्हणाले. "मग तेच पुन्हा एकदा होऊन जाऊ दे."

ओझेलाने पटकन बूट बदलले. टक. आणि पाय ओढला तर बूट तिथेच राहिला आणि पाय एकटाच पुढे आला. तिने रिबीन आवळली. पुन्हा ओढला. टाच बाहेर आली. तिने दात खाऊन जोरात ओढला, तर रिबीन सुटली, बूट हवेत गेला, त्याने एक कोलांटी घेतली आणि तो नेमका बिस्किटकाकांच्या टोपीवर उतरला.

कुणीही मागे वळलं नाही.

"लुशियस," बिस्किटकाका भिंतीकडे बघतच म्हणाले, "डोक्यावर काहीतरी आहे."

"वळू नकोस. निकाल लागायचाय."

"वळत नाही रे. पण त्याला नाल आहे."

क्रम्पबाईंनी तोंडात पदर कोंबावा तसा पुसायचा फडका कोंबला. ओझेलाला आधी रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं ते हसूच. ती चौकात एका पायात बूट नि एका पायात मोजा अशी बसली आणि हसता हसता आडवी झाली. उठली तेव्हा तिने तपकिरी बूट घातले, नाड्या नीट बांधल्या आणि लंगडायला लागली. या वेळी मुद्दाम, आणि मुद्दाम चांगली.

"मघाचे हेच होते," ती नाचतानाच म्हणाली. "तपकिरी. मी खोटं बोलले."

"तू बोललीस," आजोबा म्हणाले, "पण बुटांना सांगायचं राहिलं. बोल बिस्किट, काय म्हणते भिंत?"

"भिंत म्हणते, आता तरी माझ्या डोक्यावरचा बूट कुणी उचला."

दोघे वळले. आजोबांनी ते पिल्लू-पोस्टमन बूट पहिल्यांदाच बघितले आणि बराच वेळ बघत राहिले. "अरे देवा," ते हळूच म्हणाले. "आजीला आधी नुसते ऐकवू. दाखवू मग."

क्रम्पबाईंनी खोकं बांधायला घेतलं, पण ओझेला बूट काढायलाच तयार नव्हती. तिने खोकं रिकामंच घरी नेलं.

संध्याकाळी रिंगण तापलं. व्हर्डेल आपली गिरकी घेऊन बाहेर आली आणि ओझेला मधे गेली. बूट बघून दोन-तीन जणी खुसखुसल्या. टक. फर्रर्र. टक-टक. टाक. खुसखुस थांबली, टाळ्यांचा ठेका एकदा चुकला, मग सावरला आणि तिच्या लंगडण्याच्या मागे मागे चालू लागला. टिब्सबाईंनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"ही कोणाची?"

"माझी," ओझेला म्हणाली.

"खात्री आहे?"

"दुसरं कोण असं लंगडेल, बाई?"

टिब्सबाईंनी हात खाली केला. "मग थांबलीस का?"

घरी जायच्या वेळी व्हर्डेल तिला जिन्यावर गाठून म्हणाली, "ओझेला, ते फर्रर्र कसं करतात? उचलणार नाही, नुसतं विचारतेय."

"त्याला आधी कुरूप बूट लागतात," ओझेला म्हणाली आणि दोन दोन पायऱ्या उतरत पळाली.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये प्रार्थना लांबली. ओझेलाच्या पायांत रविवारचे साधे बूट होते, पण टाच ऐकेना. टक, थोडी ओढ, टक-टक. नेहमीप्रमाणे आजीचा हात आला आणि गुडघ्यावर बसला. आजीचे डोळे मिटलेले होते, मान पुढे सरळ होती. मात्र या खेपेला तो हात तिथे नुसता राहिला नाही. एक बोट उचललं गेलं, गुडघ्यावरून ओढत आलं, आणि उशिरा, नको तिथे, दोनदा पडलं.